एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू: घड्याळ बरोबर साडेपाच तास का चुकतं आणि कायमचं कसं लावायचं

प्रश्न थोडक्यात असा. लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबंटू दोन्ही आहेत. उबंटूतून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे असतं. ते हाताने बरोबर करून परत उबंटूत गेलं की तिथे साडेपाच तास पुढे दिसतं आणि वायफाय जोडलं की काही क्षणांत आपोआप सुधारतं. एका दुकानदाराने मदरबोर्डवरचा सेल बदलायला सांगितलं, एका मित्राने उबंटूलाच स्थानिक वेळ वापरायला लावायचा सल्ला दिला. यातलं काय करायचं?

सेल बदलू नका. फरक नेमका साडेपाच तासांचा आहे, यातच निदान आलं. सेल संपला की घड्याळ बंद पडतं किंवा मदरबोर्डच्या मूळ तारखेवर जातं. ते दर वेळी ठरावीक अंतराने मागे-पुढे होत नाही. साडेपाच तास हे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आणि भारतीय प्रमाणवेळ यांच्यातलं अंतर आहे. म्हणजे यंत्र ठीक आहे. एकाच घड्याळाचा अर्थ दोन ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळा लावताहेत. मित्राचा सल्ला चालतो, पण उलट्या बाजूने आहे. बदल उबंटूत करायचा नाही, विंडोजमध्ये करायचा. हार्डवेअर घड्याळात कायम यूटीसीच असू द्यायची, यावर मी ठाम आहे. का ते पुढे येईल.

आधी कॉम्प्युटरमध्ये घड्याळं किती आणि कुठे असतात ते पाहू, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

पहिलं हार्डवेअर घड्याळ. त्याला आरटीसी म्हणतात, जुने लोक सीमॉस क्लॉक किंवा बायोसचं घड्याळ म्हणतात. मदरबोर्डवरच्या लहान गोल सेलवर ते चालतं, म्हणून मशीन बंद असलं तरी थांबत नाही. १९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीत हे नव्हतंच. मशीन सुरू झालं की डॉस (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम) दर वेळी तारीख आणि वेळ विचारायचं. १९८४च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप आली, सोबत बॅटरी आली आणि ते विचारणं थांबलं. आजच्या मशीनमध्ये ती चिप वेगळी दिसत नाही, चिपसेटच्या पोटात गेली आहे, पण रचना तीच. आत ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल असतो. हा आकडा म्हणजे २चा १५वा घात, त्यामुळे १५ वेळा निम्मं केलं की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. त्या ठोक्यांवर वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिट, सेकंद वेगवेगळ्या खणांत मोजले जातात. पण त्या मूळ रचनेत ‘ही वेळ कुठली?’ हे लिहायला खणच नाही. आत १० वाजलेत एवढंच कळतं. ते मुंबईतले १० की ग्रीनिचचे, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. तुमच्या तक्रारीचं मूळ या न ठेवलेल्या खणात आहे.

दुसरं सिस्टिम घड्याळ. हे कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ताब्यात असतं आणि फक्त मशीन चालू असेपर्यंत जगतं. लिनक्समध्ये (उबंटू हा लिनक्सचाच एक प्रकार) १ जानेवारी १९७०च्या यूटीसी मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, याची ती मोजणी असते. बूट होताना कर्नल हार्डवेअर घड्याळ एकदा वाचतो. त्यानंतर प्रोसेसरमधल्या काउंटरच्या आधारे स्वतंत्र मोजत राहतो. म्हणून चालू मशीनमध्ये ही दोन घड्याळं हळूहळू एकमेकांपासून दूर जातात. दहा लाखांत २० भाग इतकी चूक साध्या क्रिस्टलला सहज असते, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. महिन्याला जवळपास मिनिटभर फरक पडला तर यंत्र खराब आहे असं समजू नका.

टाइमझोन हे घड्याळ नाही. तो फक्त वेळ दाखवण्याचा नियम आहे. आत यूटीसीचे सेकंद चालू असतात. ‘एशिया/कोलकाता’ निवडलं की त्यात साडेपाच तास मिळवून पडद्यावर दाखवले जातात. (यादीत मुंबई शोधू नका, पूर्ण भारतासाठी एकच नोंद आहे आणि ती कोलकात्याच्या नावाने आहे.) टाइमझोन चुकला असेल आणि तुम्ही वेळ ओढून बरोबर केलीत, तर पडद्यावर सगळं ठीक दिसेल पण आतली यूटीसी बिघडेल. मग मेलच्या वेळा चुकतात, ओटीपी अ‍ॅपचे कोड नाकारले जातात. ते कोड ३० सेकंदांच्या टप्प्यांवर यूटीसीतूनच बनतात, पडद्यावरच्या वेळेतून नाही. म्हणून कधीही आधी टाइमझोन तपासा, मगच वेळेला हात लावा.

आता तुमच्या लॅपटॉपवर काय घडतं ते क्रमाने. सकाळचे १० वाजलेत. उबंटू हार्डवेअर घड्याळात यूटीसी लिहितं, म्हणजे ४:३०. तुम्ही विंडोजमध्ये जाता. डॉसच्या काळापासून विंडोजचा रिवाज असा की हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळच असते. ते ४:३० वाचतं आणि पहाटेचे साडेचार दाखवतं. तुम्ही दुरुस्त करता, विंडोज आत १०:०० लिहून ठेवतं. परत उबंटू. ते १०:०० ला यूटीसी समजतं, साडेपाच तास मिळवतं आणि दुपारचे साडेतीन दाखवतं. नेट जोडलं की एनटीपी सर्व्हरकडून (नेटवरून वेळ जुळवून देणाऱ्या कॉम्प्युटरकडून) खरी वेळ येते, सिस्टिम घड्याळ सुधारतं आणि एनटीपीशी जुळलेला कर्नल दर ११ मिनिटांनी ती वेळ हार्डवेअर घड्याळात यूटीसी म्हणून लिहितो. चक्र पुन्हा सुरू.

यातून बाहेर पडायचं तर दोघांना एकच अर्थ मान्य करायला लावायचा. खालच्या आज्ञा आणि नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरा आणि लिनक्समध्ये, टाइमझोनचं नाव सोडून, सगळी लहान.

विंडोजमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून रजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतल्या सेटिंग बदलायचा प्रोग्रॅम) उघडा. एचकी-लोकल-मशीन, त्यात सिस्टिम, त्यात करंटकंट्रोलसेट, त्यात कंट्रोल, त्यात टाइमझोनइन्फर्मेशन, इथपर्यंत जा. उजव्या बाजूला नवीन ३२ बिट डीवर्ड व्हॅल्यू बनवा. नाव ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’, चारही शब्द सलग, मध्ये जागा नाही. किंमत १ द्या. शेजारच्या इतर नोंदींना हात लावू नका.

यानंतर लगेच पुन्हा विंडोजमध्येच गेलात तर घड्याळ आता साडेपाच तास पुढे दिसेल. आत अजून जुनी स्थानिक वेळ पडलेली आहे आणि विंडोज तिला यूटीसी समजू लागलं आहे. लोक इथे घाबरतात आणि नोंद काढून टाकतात. काढू नका. रीस्टार्ट करून सरळ उबंटूत जा, नेट जोडा, वेळ बरोबर झाली याची खात्री करा आणि टर्मिनलमध्ये ‘सुडो एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी’ चालवा. सिस्टिमची वेळ आता हार्डवेअर घड्याळात यूटीसी म्हणून गेली. मग विंडोजमध्ये जा. एचडब्ल्यूक्लॉक सापडत नाही असा संदेश आला तर ‘यूटिल-लिनक्स-एक्स्ट्रा’ हे पॅकेज बसवा. डेबियन १२ आणि उबंटू २४.०४पासून ही आज्ञा तिकडे हलवली आहे.

उबंटूची बाजू पाहण्यासाठी ‘टाइमडेटसीटीएल’ एवढंच टाइप करा. बऱ्याच ओळी येतील, त्यातल्या चार महत्त्वाच्या. ‘आरटीसी टाइम’ आणि ‘युनिव्हर्सल टाइम’ सारखे असायला हवेत. ‘सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइज्ड’समोर ‘येस’ हवं. शेवटी ‘आरटीसी इन लोकल टीझेड’समोर ‘नो’ हवं. मित्राच्या सल्ल्याने आधी काही बदललं असेल आणि इथे ‘येस’ दिसत असेल, तर ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ०’ चालवा. ही आज्ञा सेटिंग पूर्ववत करते आणि हार्डवेअर घड्याळही सिस्टिमच्या वेळेवरून लिहून देते.

मग त्याच आज्ञेत ० ऐवजी १ देऊन उबंटूलाच स्थानिक वेळ वापरायला का लावू नये? एका ओळीत काम होतं, म्हणून हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण तसं केलं की कर्नल हार्डवेअर घड्याळात दर ११ मिनिटांनी लिहायचं थांबवतो, कारण टाइमझोन किंवा उन्हाळी वेळ बदलली तर काय लिहायचं हे नीट ठरवता येत नाही. स्वतः टाइमडेटसीटीएलही इशारा देतं की ही पद्धत पूर्णपणे सांभाळता येत नाही. शिवाय बूटच्या अगदी सुरुवातीला, टाइमझोन लागू होण्याआधी, कर्नल हार्डवेअर घड्याळाला यूटीसीच समजतो. भारतात त्या क्षणी वेळ साडेपाच तास भविष्यातली असते. तेवढ्यात एखादं फाइल सिस्टिम माउंट झालं, म्हणजे डिस्कचा भाग वापरासाठी जोडला गेला, तर ती भविष्यातली नोंद त्यावर बसते आणि पुढे तपासणीचा प्रोग्रॅम ‘शेवटचं माउंट भविष्यात आहे’ अशी तक्रार करतो.

उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायची काही देशांतली पद्धत, हा आणखी एक मुद्दा. भारतात आज ती नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घड्याळं एक तास पुढे, यूटीसीच्या साडेसहा तास पुढे ठेवली होती. त्यामुळे इथे स्थानिक वेळेची पद्धत वर्षानुवर्षं बिनबोभाट चालून जाते. पण हाच लॅपटॉप घेऊन मुलगा शिकायला लंडनला किंवा न्यू जर्सीला गेला की मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गंमत राहत नाही. विंडोज एक तास सरकवतं आणि आत लिहितं. नंतर लिनक्स येतं आणि त्याला कळायला मार्ग नसतो की हा तास आधीच सरकलाय की सरकवायचाय. यूटीसीत हा प्रश्न उद्भवतच नाही.

एकाच परिस्थितीत मी स्थानिक वेळेची पद्धत मान्य करतो: लॅपटॉप कंपनीचा आहे आणि विंडोजच्या रजिस्ट्रीला हात लावायची परवानगी नाही. तेव्हा उबंटूला जुळवून घ्यायला लावा आणि महिन्यातून एकदा एचडब्ल्यूक्लॉकची वरची आज्ञा हाताने चालवा.

आता हाताने वेळ लावण्याबद्दल, कारण नेट नसलेल्या मशीनवर ते करावंच लागतं. आधी ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन’पुढे एशिया/कोलकाता (या दोन्ही नावांचं पहिलं अक्षर मोठं). मग ‘सेट-एनटीपी फॉल्स’. आपोआप जुळवणी चालू असताना हाताने वेळ बदलू दिली जात नाही, नकाराचा संदेश येतो. मग ‘सेट-टाइम’पुढे अवतरणचिन्हांत वर्ष-महिना-दिवस आणि तास:मिनिट:सेकंद. इथे आपली नेहमीची स्थानिक वेळच द्यायची, वजाबाकी करायची नाही. या आज्ञेने हार्डवेअर घड्याळही लागतं. जुन्या सवयीने नुसती ‘डेट’ आज्ञा वापरलीत तर मात्र फक्त सिस्टिम घड्याळ बदलतं आणि रीस्टार्टनंतर चुकीची वेळ परत येते. तिथे सिसटूएचसी स्वतंत्रपणे चालवायला विसरू नका.

एचडब्ल्यूक्लॉकच्या दोन पर्यायांची दिशा पक्की लक्षात ठेवा. सिसटूएचसी म्हणजे सिस्टिमकडून हार्डवेअरकडे. एचसीटूसिस म्हणजे हार्डवेअरकडून सिस्टिमकडे. अक्षरं सारखीच वाटतात आणि घाईत अदलाबदल होते. चालत्या डेटाबेस सर्व्हरवर उलटी आज्ञा गेली तर वेळ एकदम मागे उडी मारते, नोंदींचा क्रम बिघडतो, ठरलेली कामं दोनदा चालतात. एंटर दाबण्याआधी ‘आत्ता कोणतं घड्याळ खरं आहे?’ हे स्वतःला विचारा. जे खरं, त्याच्याकडून दुसऱ्याकडे जायचं. एचडब्ल्यूक्लॉक आपली टिपणं ईटीसी फोल्डरातल्या ‘एडीजेटाइम’ नावाच्या तीन ओळींच्या फाइलमध्ये ठेवतं. तिसऱ्या ओळीत यूटीसी किंवा लोकल एवढा एकच शब्द असतो, आणि हार्डवेअर घड्याळाचा अर्थ कसा लावायचा ते त्यावरून ठरतं. पहिल्या दोन ओळींत घड्याळाच्या घसरणीचे आकडे असतात. नेट आणि एनटीपी असेल तर त्यांच्या नादी लागू नका.

नेट असलेल्या मशीनवर हाताने वेळ लावायची गरजच नाही. एनटीपी चालू ठेवा. डेव्हिड मिल्स यांनी आखलेला हा प्रोटोकॉल १९८५पासून आहे आणि यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो. ऑफिसच्या फायरवॉलने तेच पोर्ट अडवलेलं असणं हे ‘सगळं सेट केलंय पण सिंक होत नाही’ या तक्रारीमागे वारंवार सापडणारं कारण आहे. घरच्या लॅपटॉपला सिस्टिमडी-टाइमसिंकडी हा साधा एनटीपी प्रोग्रॅम पुरेसा आहे. सर्व्हरवर मी नेहमी क्रोनी हा दुसरा एनटीपी प्रोग्रॅम बसवतो. ते अनेक सर्व्हरची तुलना करतं आणि नेट मध्येच तुटलं तरी नीट सावरतं. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘आरटीसीसिंक’ ही ओळ आहे ना ते बघा. ती नसेल तर दर ११ मिनिटांनी हार्डवेअर घड्याळात लिहिलं जात नाही. भारतात एनआयसी (सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्था) आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांचे एनटीपी सर्व्हर आहेत. २८ एप्रिल २०२२च्या सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपली घड्याळं या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायची आहेत. ऑफिसचं मशीन असेल तर हे ध्यानात ठेवा.

एनटीपी वेळ दोन प्रकारे सुधारतं: एकदम उडी मारून किंवा घड्याळाचा वेग किंचित कमी-जास्त करून. दुसरा प्रकार सुरक्षित, कारण वेळ कधीच मागे जात नाही. पण कर्नलची ही पारंपरिक मर्यादा दहा लाखांत ५०० भाग आहे, म्हणजे एक सेकंद भरून काढायला २,००० सेकंद. साडेपाच तासांची चूक या वेगाने भरायला सव्वा वर्ष लागेल. म्हणून मोठी चूक असेल तर उडी हवीच, आणि ती बूट होताना, डेटाबेस सुरू होण्याआधी मारलेली बरी. क्रोनीत ‘मेकस्टेप १ ३’ ही ओळ हेच सांगते: चूक सेकंदापेक्षा मोठी असेल तर पहिल्या तीन दुरुस्त्यांत उडी मार, नंतर नाही.

सेल खरंच संपल्याची लक्षणं वेगळी असतात. लाइट गेली किंवा रात्री प्लग काढला की डेस्कटॉपची तारीख कित्येक वर्षं मागे जाते, ब्राउझर प्रत्येक साइटला प्रमाणपत्र अजून वैध नाही म्हणून अडवतो. यावर विंडोज आपोआप सावरेल अशी अपेक्षा ठेवू नका. डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या सामायिक नेटवर्कमध्ये, नसलेल्या मशीनवर विंडोज टाइम सेवा मूळ सेटिंगमध्ये १५ तासांपेक्षा मोठी दुरुस्ती स्वीकारत नाही. तारीख हाताने आसपास आणावी लागते. सेल बहुधा सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा. काढण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो घ्या, कारण बूट क्रम आणि डिस्कचा मोड मूळपदावर जाऊ शकतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं साधन) चालू असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, ती मागितली जाण्याची शक्यता असते. लॅपटॉपमध्ये हा सेल वायरसकट प्लास्टिकच्या वेष्टनात असतो, आणि काही मॉडेलमध्ये वेगळा सेलच नसतो.

नवीन सेल घातल्यावर बायोसमध्ये वेळ टाकताना, वर सांगितल्याप्रमाणे यूटीसी पद्धत वापरत असाल तर साडेपाच तास वजा करून टाका. पहाटे साडेपाचच्या आत हे काम करत असाल तर तारीखही आदल्या दिवसाची.

रास्पबेरी पाय या छोट्या, एकाच बोर्डवरच्या कॉम्प्युटरची गोष्ट निराळी आहे. २०२३मध्ये आलेल्या पाय ५च्या आधीच्या मॉडेलमध्ये हार्डवेअर घड्याळ नाहीच. बंद होताना शेवटची वेळ फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि सुरू होताना तिथून पुढे मोजायचं, असं ते भागवतात. शेतात किंवा टेकडीवर नेटशिवाय नोंदी घेणारं उपकरण बनवत असाल तर डीएस३२३१ या घड्याळ-चिपचं मॉड्युल लावा. त्याची चूक दहा लाखांत दोन भागांच्या आसपास राहते, कारण ते तापमानानुसार स्वतःला सावरतं. स्वस्तातलं डीएस१३०७ उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगळं चालतं.

विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायच्या सोयीत) लिनक्स वापरत असाल आणि लॅपटॉप झोपेतून उठल्यावर आतली वेळ मागे राहिली असेल, तर तिथे एचसीटूसिस ही दिशा बरोबर आहे. तिथलं ‘हार्डवेअर’ घड्याळ म्हणजे विंडोजने दिलेली वेळ, आणि ती खरी असते.

सगळं झाल्यावर तपासणी नेट बंद ठेवूनच करा, नाहीतर एनटीपी चूक झाकून टाकेल. वायफाय बंद करून उबंटूतून विंडोजमध्ये जा, वेळ पाहा. मग तसंच विंडोजमधून उबंटूत या, पुन्हा पाहा. दोन्ही वेळा ‘रीस्टार्ट’ वापरा. फक्त विंडोज चुकत असेल तर रजिस्ट्रीतलं नाव अक्षर अन् अक्षर ताडून पाहा, जागा सुटली असेल किंवा नोंद शेजारच्या फोल्डरात गेली असेल. फक्त उबंटू चुकत असेल तर एडीजेटाइमची तिसरी ओळ उघडून पाहा, तिथे ‘लोकल’ राहून गेलं असणार. दोन्हीकडे चुकत असेल आणि आकडा साडेपाच तासांचा नसेल, तर मात्र सेल तपासा.